पहिल्यांदाच सिगारेट सोडायचा विचार करताय? आधी शरीरात काय चाललंय ते बघा, मग एकेक पायरी

सिगारेट वाईट आहे हे ओढणाऱ्याला सांगायला लागत नाही, पाकिटावरच छापलेलं असतं. पण ती अंगात गेल्यावर नेमकं काय काय करते, कशात किती नुकसान होतं, त्यातलं सोडल्यावर काय भरून निघतं आणि काय कधीच निघत नाही, हे नीट कोणी बसवून सांगत नाही. मी १४ वर्षं ओढली, सोडून आता ६ वर्षं झाली, आणि मधे तीन वेळा सोडून परत धरली होती. त्या तिन्ही वेळा नुसता मनाचा हिय्या करून सोडायला गेलो होतो. चौथ्या वेळी आधी सगळं समजून घेतलं, कागदावर लिहून काढलं, डॉक्टरांकडे गेलो आणि मग सोडली. त्याच क्रमाने इथे लिहितोय. तुम्ही बिडी, सिगार किंवा हुक्का ओढत असाल तरी हे सगळं तुम्हालाही लागू आहे, पाण्यातून आला म्हणून धूर स्वच्छ होत नाही.

पायरी १: आपला आकडा काढा

एक साधा कागद घ्या, मोबाईलमधे नको कारण तिथे लिहिलेलं आपण परत उघडून बघत नाही. त्यावर तीन गोष्टी लिहा. किती वर्षं ओढताय, रोज किती ओढताय (खरा आकडा, घरी सांगतो तो नाही), आणि सकाळी उठल्यापासून पहिली सिगारेट किती मिनिटांनी पेटते.

पहिल्या दोन आकड्यांवरून 'पॅक-इयर' निघतात, डॉक्टर लोक याच हिशोबात बोलतात. २० सिगारेटचं एक पाकीट रोज असं वर्षभर ओढलं की एक पॅक-इयर. माझ्या रोज १५ होत्या, म्हणजे पाऊण पाकीट, पाऊण गुणिले १४ वर्षं म्हणजे साडेदहा पॅक-इयर. हा आकडा २० च्या वर असेल आणि वय ५० च्या पुढे असेल तर फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी कमी रेडिएशनचा सीटी स्कॅन करून घ्यायचा का हे डॉक्टरांना आवर्जून विचारा, काही देशांत अशा लोकांना तो दरवर्षी करायला सांगतात.

तिसरा आकडा व्यसन किती खोल आहे ते सांगतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर शरीराला निकोटिनची जबरदस्त सवय झालेली आहे, आणि पाच मिनिटांच्या आत लागत असेल तर फारच. इथे लाज वाटून घ्यायची काही गरज नाही, पुढे औषधाचा डोस याच आकड्यावरून ठरतो म्हणून तो खरा लिहा.

आणि 'मी तर दिवसाला एकच ओढतो' म्हणणाऱ्यांसाठी, हे ऐकायला कडू आहे पण खरं आहे. २०१८ मधे बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले गेले, तेव्हा असं दिसलं की रोज २० ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो त्याच्या जवळपास निम्मा धोका रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो. आपल्याला वाटतं विसावा हिस्सा असेल. कॅन्सरच्या बाबतीत प्रमाण कमी केल्याचा बऱ्यापैकी फायदा होतो, पण हृदय आणि रक्तवाहिन्या थोड्या धुरालाही जोरात बिथरतात.

पायरी २: एका झुरक्याच्या मागे मागे जा

सोडायला मला सगळ्यात जास्त मदत या पायरीची झाली, म्हणून इथे जरा थांबतो.

झुरका घेतला की सिगारेटच्या टोकाला ९०० अंशांच्या आसपास तापमान जातं आणि त्या जळण्यातून ७,००० हून जास्त रसायनं तयार होतात. त्यातली ७० च्या आसपास कॅन्सर करणारी म्हणून माहीत आहेत. धूर श्वासनलिकेत शिरतो. तिथे आतल्या अस्तरावर केसांपेक्षा बारीक तंतू असतात, त्यांना सिलिया म्हणतात, ते सतत एका लयीत हलत असतात आणि आत आलेली धूळ, जंतू, कफ वर घशाकडे ढकलत असतात. धुराने ते लुळे पडतात. मग कफ तिथेच साचतो, आणि तो बाहेर काढायला खोकला हाच एक मार्ग उरतो. ओढणाऱ्यांचा सकाळचा तो ओला, खरखरीत खोकला तिथून येतो, आपण त्याला 'घसा साफ करणं' म्हणतो.

तिथून धूर वायुकोशांत पोचतो, म्हणजे फुफ्फुसातले कोट्यवधी बारीक फुगे, ज्यांच्या पातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात जातो. निकोटिनही त्याच भिंतीतून रक्तात उतरतं आणि १० ते २० सेकंदांत मेंदूत हजर. आनंद देणारं डोपामिन सुटतं, अड्रीनलिन सुटतं, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं.

त्याच वेळी धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे बघा, हृदय जास्त जोरात पळतंय, त्याला जास्त ऑक्सिजन पाहिजे, आणि नेमक्या त्याच वेळी ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या सीटा दुसऱ्याने अडवून ठेवल्यात. त्यात धुरामुळे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खरबरीत होतं, रक्त चिकट होऊन गुठळी व्हायची शक्यता वाढते. हार्ट अटॅकला लागणारं सगळं सामान एका झुरक्यात आहे.

आता टेन्शनचं. 'टेन्शन आलं की ओढतो, बरं वाटतं', मीही हेच म्हणायचो आणि मनापासून म्हणायचो. पण रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. ते उतरायला लागलं की चिडचिड, अस्वस्थपणा, कशात लक्ष न लागणं सुरू होतं. पुढची सिगारेट ती अस्वस्थता घालवते आणि आपल्याला वाटतं आयुष्यातलं टेन्शन घालवलं. ती घालवते ते टेन्शन आधीच्या सिगारेटने आणलेलं असतं. हे मला एकदा दिसलं आणि मग दर वेळी दिसायला लागलं, लायटर हातात घेतानासुद्धा.

लाइट, माइल्ड, स्लिम या शब्दांवर अजिबात विश्वास ठेवू नका. अशा सिगारेटच्या फिल्टरला बारीक छिद्रं असतात, मशीनवर मोजताना तिथून हवा मिसळते आणि आकडा कमी येतो. माणूस ओढताना बोटांनी ओठांनी तीच छिद्रं झाकतो, झुरका खोल घेतो, जास्त वेळा घेतो. शरीराला हवं तेवढं निकोटिन ते काढून घेतंच, आणि बाकीचा धूर त्याच्यासोबत येतो.

पायरी ३: नुकसान कुठे कुठे होतं ते एकदा सरळ बघून घ्या

फुफ्फुसापासून सुरुवात करतो कारण ते मी घरात बघितलंय. माझ्या वडिलांना सीओपीडी होता, म्हणजे फुफ्फुसातून हवा नीट बाहेर न पडण्याचा आणि दम लागण्याचा कायमचा आजार. ओढणं चालू राहिलं की वायुकोशांच्या भिंती फाटत जातात, बारीक बारीक फुग्यांचे मोठे ढिले फुगे होतात आणि हवा आत अडकून बसते. बाबा सकाळी पलंगाच्या कडेला बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून, ओठांचा चंबू करून हवा हळूहळू बाहेर सोडायचे. शर्टाची तीन बटणं लावली की थांबायचे, श्वास गोळा करायचे, मग उरलेली दोन लावायचे. त्या मधल्या वेळात बोलायचे नाहीत, कारण बोलायलाही श्वास लागतो. फाटलेले वायुकोश परत तयार होत नाहीत, जगात कुठेही याचं औषध नाही. सोडल्यावर पुढची घसरण मंदावते एवढंच, पण ते 'एवढंच' फार मोठं आहे, कारण शर्ट स्वतः घालता येणं आणि न येणं यात तेवढाच फरक असतो.

ब्रिटनमधे रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी १९५१ साली डॉक्टरांचाच एक अभ्यास सुरू केला, ३४,००० हून जास्त पुरुष डॉक्टरांवर ५० वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २००४ मधे त्याचे आकडे आले. आयुष्यभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षं आधी गेले. पण साठीत सोडणाऱ्यांनी त्यातली ३ वर्षं परत मिळवली, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी ६, चाळिशीत सोडणाऱ्यांनी ९, आणि तिशीत सोडणाऱ्यांनी जवळपास सगळीच. तुमच्या कागदावर तुमच्या वयासमोर हा आकडा लिहून ठेवा.

कॅन्सर फक्त फुफ्फुसाचा होत नाही. फुफ्फुसाचा धोका १५ ते ३० पट वाढतो हे खरंच, पण तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड, मूत्रपिंड, गर्भाशयाचं मुख, यादी लांब आहे. त्यात मूत्राशय पण आहे आणि लोक दचकतात की धुराचा लघवीशी काय संबंध. रक्तात गेलेली विषारी रसायनं मूत्रपिंडं गाळून लघवीत टाकतात आणि ती लघवी मूत्राशयात तासन् तास साठून राहते, आतल्या अस्तराला चिकटून. इतका सरळ संबंध आहे.

बाकीचं पटकन सांगतो. टाइप २ डायबेटिस व्हायची शक्यता ३० ते ४० टक्क्यांनी वाढते, आणि आधीच असेल तर साखर आवाक्यात ठेवणं अवघड जातं. पायांच्या रक्तवाहिन्या बंद होतात, चालताना पोटऱ्या भरून येतात. पुरुषांमधे लिंगाला ताठरता न येण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि तिथेही मूळ रक्तवाहिन्याच. मोतीबिंदू लवकर, हाडं ठिसूळ, ऑपरेशनची जखम उशिरा भरते. हिरड्यांचं तर विचित्र आहे, रक्तवाहिन्या आवळल्यामुळे हिरड्यांतून रक्त कमी येतं, म्हणून रोग आत वाढत असतो आणि आपल्याला वाटतं दात ठणठणीत आहेत.

घरातल्यांचं नुकसान वेगळं लिहायला पाहिजे. दुसऱ्याचा धूर किती घेतला तर चालेल अशी कुठली सुरक्षित मर्यादा नाही. लहान मुलांना दमा, छातीचे आजार, कानाचं इन्फेक्शन यांचा त्रास वाढतो, गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाचं वजन कमी भरतं. खिडकीत उभं राहून ओढणं, पंखा लावणं, दुसऱ्या खोलीत जाणं याने वास कमी होतो, धूर घरात राहतोच, पडद्यांवर, गादीवर, आपल्या कपड्यांवर. घर आणि गाडी पूर्ण बंद, हा नियम सोडायच्या तारखेची वाट न बघता आजपासून लावा.

पायरी ४: डॉक्टरांकडे जा, कागद सोबत न्या

बीपी, साखर, आणि जमलं तर स्पायरोमेट्री करून घ्या. स्पायरोमेट्रीत एका नळीत जोरात फुंकायचं असतं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजतात. दम लागायला लागण्याच्या कितीतरी आधी हा आकडा खाली येतो.

कुठली औषधं चालू आहेत ती सगळी सांगा, हे फार महत्त्वाचं. धुरातल्या काही रसायनांमुळे लिव्हर काही औषधं नेहमीपेक्षा वेगाने मोडून टाकतं. सोडलं की तो वेग खाली येतो आणि तोच डोस अंगात जास्त होऊ शकतो. दम्यासाठीचं थिओफिलीन आणि मानसिक आजारावरची क्लोझापीन, ओलान्झापीन ही त्यातली औषधं, शिवाय इन्सुलिनची गरज पण बदलू शकते. डोस आपल्या मनाने बदलायचा नाही, पण सोडतोय हे डॉक्टरांना आधी कळलं पाहिजे.

थुंकीतून रक्त, तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला आवाज, तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा, लघवीतून न दुखता रक्त, कारण नसताना उतरलेलं वजन, यातलं काही असेल तर सोडायच्या तारखेची वाट बघू नका, या आठवड्यात दाखवा. आणि छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर त्याच मिनिटाला इमर्जन्सीत.

पायरी ५: तारीख धरा आणि एकदम सोडा

दोन आठवड्यांच्या आतली तारीख ठरवा. 'हळूहळू कमी करतो' हे मीही दोनदा करून बघितलं, शेवटच्या चार कधीच सुटल्या नाहीत. २०१६ मधे याच्यावर नीट तुलना झाली, एकदम सोडणाऱ्यांतले ४९ टक्के चार आठवड्यांनंतर सोडलेल्या अवस्थेत होते, हळूहळू कमी करणाऱ्यांतले ३९ टक्के. म्हणजे हळूहळूनेही लोकांचं सुटतं, पण निवड असेल तर एकदम.

आदल्या रात्री पाकीट, लायटर, ॲशट्रे, गाडीतली, बॅगेतली, जुन्या जॅकेटच्या खिशातली सगळी बाहेर काढा. पाकीट नुसतं कचऱ्यात टाकू नका, ओल्या कचऱ्यात मोडून टाका, रात्री दोन वाजता माणूस कचऱ्यातलं पाकीट शोधतो हे मी स्वतः केलंय.

पायरी ६: निकोटिनची गम आणि पॅच नीट वापरायला शिका

नुसत्या मनाच्या जोरावर सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात. मदत घेतली की शक्यता वाढते, म्हणून मदत घ्या. 'गममधेपण निकोटिनच आहे ना' हा प्रश्न हमखास येतो. निकोटिन सवय लावतं हे खरं, पण कॅन्सर आणि सीओपीडी मुख्यतः धुरातल्या बाकी हजारो गोष्टींमुळे होतात. गममधे धूर नाही. गरोदर असाल, हृदयाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागत असेल तर ४ मिलीग्रॅमची गम, नाहीतर २ मिलीग्रॅमची. ती च्युइंगमसारखी चघळायची नसते, इथेच बहुतेक लोक चुकतात, उचकी लागते, पोटात जळजळतं आणि मग 'मला गम सूट होत नाही' म्हणून सोडून देतात. हळू चावा, तिखटसर चव किंवा मुंग्या आल्या की थांबा आणि गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्या. चव गेली की परत दोन-चार वेळा चावा, परत ठेवा, दुसऱ्या बाजूला. अर्धा तास असं. निकोटिन गालातून शोषलं जातं, गिळलं तर वाया जातं. आधी १५ मिनिटं कॉफी, ज्यूस, कोल्ड्रिंक नको, त्या आंबटपणाने शोषण कमी होतं.

पॅच सकाळी, कोरड्या आणि केस नसलेल्या त्वचेवर, रोज जागा बदलून. दिवसाला १० पेक्षा जास्त ओढत असाल तर साधारण २१ मिलीग्रॅमपासून सुरुवात, मग १४, मग ७. रात्री विचित्र स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढून ठेवा. पॅच आणि वरून तलफेच्या वेळी गम, ही जोडी एकट्या पॅचपेक्षा चांगली चालते. व्हॅरेनिक्लीन आणि ब्युप्रोपिऑन ही डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं आहेत, ती सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करावी लागतात, म्हणूनच डॉक्टरांची पायरी आधी घेतली.

पायरी ७: पहिले तीन दिवस, आणि मग पहिला महिना

शेवटच्या सिगारेटनंतर २० मिनिटांत नाडी उतरायला लागते. एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड न ओढणाऱ्याच्या पातळीला येतो. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच तलफ सगळ्यात जोरात असते, म्हणजे शरीर सुधारत असताना माणसाला सगळ्यात वाईट वाटत असतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की हे तीन दिवस मी चिडेन, ते तुमच्यावर नाही.

एक तलफ काही मिनिटंच टिकते. घड्याळ बघा, पाणी प्या, जागा बदला, कोणाला तरी फोन लावा. मी बाथरूममधे जाऊन चेहऱ्यावर गार पाणी मारायचो आणि आरशासमोर ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचो, बाबा करायचे तसाच.

चहा-कॉफी निम्मी करा. धुरामुळे कॅफिनही शरीरातून लवकर निघून जात असतं, सोडलं की तीच कॉफी अंगात जास्त वेळ राहते. छातीत धडधड, झोप नाही, हात थरथरतात, आणि माणूस समजतो की सिगारेट नसल्यामुळे होतंय. माझ्या आधीच्या दोन प्रयत्नांत हेच झालं असणार असं मला आता वाटतं.

पहिल्या काही आठवड्यांत खोकला वाढू शकतो, सिलिया परत हलायला लागलेले असतात आणि साठलेला कफ वर येतो. तोंड येतं, पोट साफ होत नाही, भूक वाढते. वजन वर्षभरात सरासरी ४-५ किलो वाढतं, त्याची भीती वाटून परत धरू नका, चालायला लागा आणि वजनाचं नंतर बघा. मन फारच उदास झालं, जगणं नको वाटायला लागलं तर मात्र एकट्याने सहन करू नका, डॉक्टरांना लगेच सांगा.

एक वर्षात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो, दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कॅन्सरचा निम्म्यावर.

पायरी ८: घसरलात तर

एखादी ओढली जाईल कदाचित. लग्नात, भांडणानंतर, जुना मित्र भेटल्यावर. त्या वेळी मनात येतं 'गेलं सगळं, आता पाकीटच घेऊ', आणि खरं नुकसान त्या वाक्याने होतं, माझं तीनही वेळा तिथेच झालं. ती अर्धवट असेल तर अर्धवट विझवा. हातातलं थोटूक टाका, उरलेलं पाकीट लगेच मोडा, पॅच लावलेला असेल तर तसाच राहू द्या आणि चालू ठेवा. मग पहिल्या पायरीचा तो कागद काढा, मागच्या बाजूला तारीख, वेळ, कुठे होतात, सोबत कोण होतं आणि हातात सिगारेट कोणी दिली ते लिहा, आणि तसा प्रसंग परत कधी येणार आहे त्याच्या आदल्या दिवशी गम खिशात आहे का ते बघा.